ब्रेकच्या तारेचं मेंडोलिन

ग्यानबाची आणि माझी ओळख त्याच्या फाटलेल्या गालामुळं झाली. परभणीच्या सरकारी दवाखान्यात मी तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीत होते. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. दुपार टळली होती, माझ्या पोटात कावळे ओरडत होते, डबा उघडणार तेवढ्यात हा बाबा दारात उभा. डावा गाल डोळ्याखालून ओठापर्यंत उभा फाटलेला, सदरा रक्तानं भिजलेला आणि काखेत मेंडोलिन. जखमेवर धरायचा रुमाल त्यानं मेंडोलिनला गुंडाळला होता, त्याला रक्त लागू नये म्हणून. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"कुणी मारलं?" मी विचारलं.

त्यानं खिशातून तुटलेली तार काढून दाखवली. "हिनं. लय चावायलीय आजकाल."

"पिऊन आलास का?"

"न्हाई शिस्टरबाई. पेलो असतो तर बरं झालं असतं, दुखलं नसतं येवढं."

टाके घालताना त्यानं हूं की चूं केलं नाही. मीच बोलत होते, आणि माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की डॉक्टरसुद्धा खोलीबाहेर जायचे. बरं, तार तरी मेंडोलिनची असावी की नाही? ती होती सायकलच्या ब्रेकची. ब्रेकच्या जाड वायरीचा पीळ उकलायचा, त्यातला एकेक धागा सुटा करायचा आणि तो मेंडोलिनला चढवायचा. वर पुन्हा वाजवता वाजवता खुंटी पिळायची. उजव्या हातानं तार छेडायची, डाव्या हातानं तीच तार ताणायची, तेही तोंड तिच्यावर वाकवून. तार तुटणार नाही तर काय? मी म्हणाले, "डोळा गेला असता मेल्या!" तर म्हणतो, "डोळ्यानं कुठं वाजवायचंय?"

रेल्वे फाटकाजवळ त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्याच वस्तीत राहायचा. बायको बाळंतपणात गेली, पुन्हा लग्न केलं नाही. वस्तीच्या गायनपार्टीत तो मेंडोलिन वाजवायचा. जयंती असो, लग्न असो, विहारातला कार्यक्रम असो, ग्यानबा कडेला खाली मान घालून बसलेला असायचाच. गाणाऱ्यानं सूर सोडला की मात्र मान वर यायची, आणि ती नजर बघून गाणारा पाणी मागायचा.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगते. त्याचा बाप लिंबाजी. झरीच्या पुढं एक गाव आहे, तिथला. नाव लिहीत नाही, तिथं चांगली माणसंही राहतात. लिंबाजी जुन्या काळात देवीपुढं चौंडकं वाजवायचा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: चौंडकं म्हणजे लाकडाचं लहानसं पिंप, तळाला कातडं, त्या कातड्यातून निघालेली एकच तात. पिंप काखेत दाबायचं, एका हातानं तात छेडायची, दुसऱ्या हाताच्या मुठीत तिचं टोक धरायचं. मूठ आवळली की सूर चढतो, सैल सोडली की खाली येतो. एवढंच. पण माझी आई त्याच शिवारातली, ती सांगायची की लिंबाजी गाण्याच्या शेवटी सूर पार वर न्यायचा आणि तिथून एका दमात खाली सोडायचा. त्याला बाया 'लिंबाजीची उतरणी' म्हणायच्या. ती ऐकून घरी आलं की आईच्या हातून भाकरी थापली जायची नाही.

मग धर्मांतर झालं. आमच्या लोकांनी देव्हारे रिकामे केले. लिंबाजीनं चौंडकं कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घातलं आणि त्यावर भाकरी भाजून खाल्ली. देवीपुढं वाजवायचं म्हणजे मालकाच्या अंगणाबाहेर उकिडवं बसून वाजवायचं, वरून फेकलेलं झेलायचं. ते सगळं त्यानं त्या चुलीत घातलं. त्या दिवसापासून त्यानं त्या वाजवण्याचं नाव काढलं नाही की कुणाला काढू दिलं नाही.

ग्यानबा तेव्हा जाणता होता. उतरणी त्याच्या कानात बसली होती, पण हातात नव्हती. आणि बापाला दम्यानं धरलेलं. "बा गेला की उतरणी गेली," तो म्हणायचा. "चौंडकं गेलं ते बेस झालं. पर त्यातलं वाजवणं कुणाचं होतं शिस्टरबाई? बाचं होतं का न्हाई?" त्याला ती उतरणी मेंडोलिनवर आणायची होती, बाप जिवंत असेतो आणायची होती, आणि बाप एक अक्षर सांगत नव्हता. ग्यानबाच्या सगळ्या जखमांचं मूळ इथं.

मेंडोलिनला जोडीजोडीनं आठ तारा. त्यानं निम्म्या काढून टाकल्या. दांडीवर पितळी पडदे असतात, बोट सरकवलं की सूर ठेच लागल्यासारखा एकेका पडद्यावर थांबतो. ग्यानबानं पकडीनं ते पडदे उपटले. उपटताना दांडी चिरली, म्हणून संतापून मेंडोलिन भिंतीवर आपटलं. मग भंगारातून दुसरं आणलं, त्याचीही तीच गत. दुकानाच्या मागं मेंडोलिनाचे सांगाडे पडलेले असायचे, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "कामून, सायकली कमी पडल्या का तोडायला?"

तसा माणूस भडक डोक्याचा. तार लावत असताना दुकानात कुणी शीळ घातलेली त्याला खपायची नाही. एकदा कचेरीतला एक साहेब पंक्चर काढायला आला आणि मजेत शीळ घालायला लागला. ग्यानबानं उठून त्याच्या दुसऱ्या चाकाचीही हवा सोडली आणि म्हणाला, "आता जावा पायी. वाटंनं वाजवा शीळ." दुसऱ्या खेपेला एका लग्नाच्या पार्टीतल्या बेंजोवाल्यानं गंमत म्हणून उतरणीची चाल सिनेमाच्या ठेक्यात वाजवून दाखवली. ग्यानबानं त्याचा बेंजो उचलला आणि पंक्चर बघायच्या पाण्याच्या टबात बुडवला. बुडबुडे येईपर्यंत दाबून धरला म्हणे. बेंजोवाल्याला तीन भाऊ होते. संध्याकाळी ग्यानबा माझ्या टेबलावर, खांद्याचं हाड मोडलेलं. मी पट्टा आवळला तसा ओरडला, "हळू की! माणूस हाय का टायर!"

"टायर असतास तर बरं झालं असतं," मी म्हणाले. "फेकून तरी देता आला असता."

मग विहारातला तो प्रकार झाला. जयंती जवळ आली होती, आवारात पार्टीचा सराव चालला होता. उन्हं उतरली होती, आम्ही बाया सतरंजीवर बसलो होतो. पुढं भागाबाई. ही म्हातारी पूर्वी देवीची परडी घेऊन फिरायची, अंगात यायचं तिच्या. धर्मांतरात तिनं परडी टाकली, केस कापले, आणि वंदनेला सगळ्यांच्या आधी येऊन बसायला लागली. तिला आम्ही सगळे मान द्यायचो, तो काही उगाच नाही.

गाण्याचं कडवं संपलं आणि ग्यानबानं मधल्या जागेत ते उतरणीचं वाजवलं. तार अशी काही खाली आली की माझ्या पाठीवर काटा आला. एकदा वाजवलं, दुसऱ्यांदा वाजवलं, आणि भागाबाईची मान हलायला लागली. आधी वाटलं, ठेका धरते आहे. मग ती गुडघ्यावर आली, डोळे पांढरे झाले आणि म्हातारी घुमायला लागली. विहाराच्या आवारात! तिच्या तोंडून तो जुना हुंकार निघाला तसं लेकरं रडत सुटली.

पहिला हात पुंडलिक गुरुजींनी टाकला. शाळेत शिकवायचे, विहाराचं सगळं तेच बघायचे, मुंगीला न दुखवणारा माणूस. त्यांनी ग्यानबाला गचांडी धरून उचललं. "देवी परत आणायलास का रे? आमी मर मर करून जे घराबाहेर काढलं, ते तू वाजवून आत आणायलास?" आणि मग सगळेच तुटून पडले. त्याचंच मेंडोलिन त्याच्याच डोक्यात घातलं, त्याचा भुगा झाला. गुरुजींचं सगळंच चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. कातडी सोलून निघावी तसं आमच्या लोकांनी ते जुनं काढून टाकलं होतं, आणि ते पुन्हा अंगणात उभं राहिलेलं बघून कुणाचंही रक्त खवळलं असतं.

मी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डोक्यातून रक्त ओघळत होतं आणि हा हसत होता! "शिस्टरबाई, जमलं! भागाबाई घुमली म्हंजे जमलंच की!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेल्या, त्या बाईकडं बघितलंस का? शुद्धीवर आली तेव्हा तोंड लपवून रडत होती. लोकांत काय पत राहिली तिची?"

  टाके पडल्यावर तो हळूच म्हणाला, "मला देवी नको शिस्टरबाई. मला माझा बा पायजे."

दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधलेला ग्यानबा भागाबाईच्या दारात जाऊन बसला. तिनं त्याच्या अंगावर भांडी घासलेलं पाणी ओतलं. तो तसाच बसून राहिला, तेव्हा तिनं शेवटी त्याला चहा दिला.

पण बातमीला पाय फुटतात. लिंबाजीचं पोरगं पुन्हा वाजवायला लागलं, देवी अंगात आणतं, ही खबर गावाकडं गेली. जत्रा तोंडावर होती. गावच्या मालकाचा निरोप आला: बापाच्या जागेवर येऊन बस, वाजव, मान देऊ. मी म्हणाले, जाऊ नको. म्हणे, "मालकाकडं कोण चाललंय? मी बाच्याकडं चाललोय. एकदा तरी सांगंल की कुठं चुकायलंय ते."

बापानं काय सांगायचं! पोराच्या हातातलं नवं मेंडोलिन बघितलं आणि म्हाताऱ्यानं दम लागेपर्यंत त्याला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. ग्यानबानं हात उचलला नाही. बाप थकून खाली बसला, तेवढ्यात मालकाची माणसं दारात आली. पुढचं मला लिंबाजीनं सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, खाली बघत, मधे मधे श्वास घेत.

"ते म्हनले, चल जत्रंत. पोरगं म्हनलं, हे चौंडकं न्हाई, मेंडोलिन हाय. हे तुमच्या दारात वाजनार न्हाई. ते म्हनले, मग कुटंच वाजनार न्हाई. माज्याच उंबऱ्यावर हात धरला बाई त्याचा. दोघांनी धरला. कुऱ्हाडीच्या माथ्यानं हानला. मी आडवा पडलो तर मला ढकलून दिलं. म्हातारा हाय मी. काय करू?"

डाव्या हाताची मधली दोन बोटं डॉक्टरांना कापावी लागली. उरलेली दोन तळहाताकडं वळून तशीच राहिली, उघडायचीच नाहीत. फक्त अंगठा धड राहिला. मी आयुष्यभर हात पाय कापलेली माणसं बघितली, पण त्या दिवशी ड्रेसिंग करताना माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि त्या मारणाऱ्यांना मी अशा शिव्या घातल्या की वॉर्डातल्या बायांनी कान झाकले. केस झाली. साक्षीदार उलटले. काय सांगायचं आणखी?

ग्यानबा उशाखाली सायकलचा मोठा पाना घेऊन झोपायचा. बरं झालं की गावात जाऊन मारणाऱ्यांचं डोकं फोडणार, एवढंच बोलायचा. मी पाना काढून घेतला तर त्यानं पाण्याचा तांब्या माझ्या अंगावर फेकला. मी तोच तांब्या उचलून त्याच्या खाटेच्या लोखंडावर दणकन आपटला. "जा! फोड डोकं! फासावर जा! उतरणी काय तुरुंगात शिकणार हायेस का?" त्यावर तो भिंतीकडं तोंड करून रडला. बाप पायथ्याशी बसून होता. मी त्यालाही सोडलं नाही. म्हणाले, "आबा, आता तरी सांगा त्याला."

"ते मी चुलीत घातलं बाई," लिंबाजी म्हणाला. "राख उकरू नका."

त्यानंतर कितीतरी दिवस मी ग्यानबाला पाहिलं नाही. दुकान बंदच होतं. मग एकदा फाटकाजवळून जाताना दुकानाची फळी उघडी दिसली, म्हणून डोकावले. तो बसला होता. मांडीवर मेंडोलिन, त्यावर एकच तार, आणि खालच्या टोकाला चक्क सायकलचा ब्रेक बसवलेला. हँडलवर असतो तो, हातानं दाबायचा. तारेचं टोक त्या ब्रेकला अडकवलेलं. ब्रेक दाबला की तार ताणायची, सोडला की सैल पडायची. पडदे नकोत, बोटंही नकोत. त्याची ती वळलेली दोन बोटं आकड्यासारखी ब्रेकवर बसत होती, अंगठ्यानं पलीकडून आधार.

"बघा," तो म्हणाला, "बोटं तोडून त्यांनी मला बाच्या मुठीपाशी आणून सोडलं. लय मेहेरबानी त्यांची."

त्यानं वाजवलं. मला तर वाटलं, झालं की याचं काम! पण त्यानं मान वर केली नाही. "न्हाई. कुठंतरी अडकायलंय. माझं मलाच कळंना." पुन्हा वाजवलं, पुन्हा, आणि मग चिडून मेंडोलिन उचललं. मी त्याचा हात धरला. या वेळी त्यानं ते आपटलं नाही, हळूच खाली ठेवलं.

पुढच्या जयंतीला गुरुजींनी त्याला मंचावर बसू दिलं, हात गेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून. पण सगळ्यांसमोर बजावलं, "गाण्याला साथ कर. ते वाजवलंस तर मंचावरून खाली फेकीन." ग्यानबा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. माझी त्याच आठवड्यात नांदेडला बदली झाली होती, ट्रंक बांधून ठेवली होती. ग्यानबाला मी शेवटचं पाहिलं ते तिथंच.

लिंबाजी त्या दिवशी दम्याच्या इंजेक्शनला दवाखान्यात आला होता. मीच दिलं, आणि संध्याकाळी त्याला सोबत घेऊन मैदानात आले. दिवे नुकतेच लागले होते. भागाबाई पुढच्या रांगेत, आमच्या शेजारीच. वंदना झाली, दोन गाणी झाली. तिसऱ्या गाण्याचं कडवं संपलं आणि ग्यानबाचा हात ब्रेकवर आवळला गेला.

सूर वर गेला आणि खाली आला. सगळ्या मैदानाची नजर भागाबाईकडं. तिनं पदर तोंडाला लावला, अंग हलायला लागलं, तशा दोन बाया तिला धरायला धावल्या. तिनं त्यांचे हात झटकले. "धरू नका मला! काय बी आलं न्हाई अंगात. रडायलेय मी. रडू द्या की!"

पण ते ऐकतो कोण? कुणीतरी चप्पल भिरकावली, ती ग्यानबाच्या तोंडावर बसली. ओठ फुटला. गुरुजी मंचावर चढले, त्याची कॉलर धरली. दोन तीन पोरं मागून चढली. एकानं मेंडोलिनला हात घातला, ग्यानबानं ते पोटाशी दाबून धरलं आणि वरून बुक्क्या खात राहिला. मी ओरडत होते, काय ओरडत होते ते मला ठाऊक नाही.

माझ्या शेजारी लिंबाजी नव्हता. बघते तर म्हातारा गर्दी कापत मंचाकडं निघालेला. लोकांनी वाट दिली. त्यानं पोराला कसं तुडवलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. आता बापच निकाल लावणार, असंच सगळ्यांना वाटलं, आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. तो वर चढला. त्यानं गुरुजींची कॉलरवरची मूठ दोन्ही हातांनी उघडली आणि त्यांना असं ढकललं की ते पेटीवर जाऊन बसले. मग लोकांकडं तोंड करून उभा राहिला. छाती भात्यासारखी हलत होती.

"ती देवीची न्हवती," तो म्हणाला. माईक नव्हता तरी ऐकू आलं, एवढं मैदान गप्प झालं होतं. "माजी होती. माज्या हाताची होती. देवीच्या नावानं मी माजा हातच चुलीत घातला. आता पोराचा बी गेला. आनकी किती हात पायजेत तुमाला?"

 गुरुजी पेटीवरून उठले आणि खाली बघत उभे राहिले. लिंबाजी पोरापुढं मांडी घालून बसला. त्याच्या ओठावरचं रक्त आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"मधी थांबायलास तू," तो म्हणाला. "वरून निगालं की थांबायचं न्हाई. पुन्यांदा वाजव."

 ग्यानबानं तो थोटा हात ब्रेकवर ठेवला, दाबला, तार छेडली, सूर पार वर नेला. म्हाताऱ्यानं आपली डावी मूठ हवेत धरली होती, घट्ट आवळलेली. ती त्यानं सावकाश उघडायला सुरुवात केली, न थांबता, आणि पोराचा हात तिच्या बरोबरीनं सैल होत खाली आला.